खुराड्याचं लोखंडी दार

अहो,

करवतीच्या इंजिनाचं हँडल शोधत बसू नका, मी नेलंय. आपल्या लवूला घेऊन हातखंब्याला आईकडे जाते आहे. पेज चुलीवर आहे, सुकट भाजून शिंक्यात ठेवली आहे.

सदऱ्याची बाही खिळ्याला अडकून फाटली म्हणालात. सकाळी शिवायला घेतली, तर मनगटापासून कोपरापर्यंत सरळ चिरलेली. खिळा असा चिरतो होय? 

मुंबईहून ती मटण कापायची करवत आणलीत, नवं पातं घालून लाकडावर चालवायला लागलात, मी गप्प बसले. पण मटण पात्याकडे ढकलायला तिला लोखंडी पाटी होती, त्यामुळे हात लांब राहायचा. फळी अडते म्हणून ती तुम्ही काढलीत आणि खुराड्याला दार केलंत. मेल्या खाटकालासुद्धा आपल्या बोटांची काळजी होती हो! काल बाहीवर निभावलं, उद्याचं काय?

पाटी परत करवतीला बसवा आणि मग आम्हांला न्यायला या. हँडल तेव्हाच देईन.

कोंबड्या कोल्ह्याने नेल्या तरी चालतील.

तुळसा