लाल बटण

दि. ४ जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुला न विचारता एक उद्योग करून बसले आहे. इथल्या फळांच्या रसाच्या कारखान्यानं नोकरीआधीचं प्रशिक्षण सुरू केलंय, त्यात मी नाव घातलं! लेक कॉलेजात, हे दिवसभर दुकानात. भिंतींशी किती गप्पा मारू? शेवटी यंत्रावर एक चाचणी, आणि जमलं तर नोकरी.

सध्या हात धुवायला शिकतेय. हसू नकोस. शिकवणाऱ्या बाई हाताला मलम चोळायला लावतात, मग धुवून निळ्या दिव्याखाली धरायचे. जिथं राहिलं तिथं चमकतं. माझी बोटांची बेचकी अशी लखलखली की इतकी वर्षं तुम्हाला काय खाऊ घातलं कोण जाणे! जाळीची टोपी, तोंडावर पट्टी, पांढरा झगा असा माझा थाट पाहून ह्यांनी विचारलं, आज कुणाचं ऑपरेशन? वर्गात सगळ्या पोरीसोरी. मला मावशी म्हणतात आणि माझीच वही बघून लिहितात.

पत्र लगेच टाक. रागावलास तर त्याच पत्रात रागावून घे.

तुझी ताई

दि. १२ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

रागावलोच आहे. आई गेल्यावर माझ्यासाठी तू शाळा सोडलीस. आता कुठे पाय पसरून बसायचे दिवस आले, तर तू कारखान्यात उभी राहणार? मी रोज गॅरेजात उभा असतो, संध्याकाळी पोटऱ्या काय बोलतात ते मला विचार. शिवाय भाजीवाल्यानं किडकं वांगं टाकलं तरी तू तोंड उघडत नाहीस. तिथं मुकादमापुढे काय बोलणार?

भावोजींना नमस्कार. भाचीला सांग, मामाच्या बाजूनं बोल.

लोभ आहेच, म्हणून तर भांडतोय.

तुझा ढब्बू

दि. २९ जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

आधी सगळं वाच, मग उड्या मार.

काल चाचणी झाली. पट्ट्यावरून भरलेल्या बाटल्या सरकतात, मागे पांढरा उजेड. आत काही दिसलं तर हाताशी असलेलं लाल बटण दाबायचं. पोरी ओळीनं उभ्या, मी शेवटी. माझ्यानंतर बाटल्यांना थेट झाकणच लागतं. निम्मा वेळ बरा गेला आणि एका बाटलीच्या तळाशी चकाकलं. काच? का भास? माझ्या आधीच्या कुणीच पट्टा थांबवला नव्हता. तुझं ते वांगं आठवलं, आणि खरं सांगते, हात मागे आला. मग वाटलं, ही एखाद्या लेकराच्या तोंडाला लागली तर? दाबलं बटण!

भोंगा वाजला, अख्खा पट्टा ठप्प. मुकादम धावत आले, कुणी थांबवलं म्हणून ओरडले. मी म्हटलं, मी थांबवलं. माझाच आवाज मला ओळखू येईना. त्यांनी रस गाळून पाहिला. काही नाही! बाटलीच्या काचेतच एक बुडबुडा होता. ते पट्टा सुरू करून निघून गेले. मी कपडे बदलायच्या खोलीत टोपी काढली आणि ढसाढसा रडले.

तेवढ्यात बाई आल्या, मागोमाग वर्गातली एक पोर. ती रडतच म्हणाली की चकाकी तिलाही दिसली होती, पण मुकादमांच्या भीतीनं तिनं बाटली जाऊ दिली. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि मला म्हणाल्या की मुकादमांनी तुमचं नाव विचारलंय. शेवटच्या जागेवर त्यांना तुम्हीच हव्या आहात.

मला घेतलं रे! सोमवारपासून. ती पोर पुन्हा प्रशिक्षणाला बसणार आहे, बाईंनी शब्द दिलाय. ह्यांनी आज दुकान लवकर बंद केलं आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. भात करपलाय, पण मला काही म्हणजे काही फरक पडत नाही.

आता तरी हस.

तुझी नोकरदार ताई

दि. ८ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न.

पोटऱ्यांना कोमट तेल लाव, बाकी तक्रार मागे घेतली.

काल कोपऱ्यावरच्या दुकानात तुमच्या कारखान्याची बाटली दिसली. भरल्याची तारीख जुलैमधली. मी दोन्ही हातांत धरून उभाच राहिलो. दुकानदारानं विचारलं की काही खोट आहे का, दुसरी देऊ? मी म्हटलं, असती तर माझ्या बहिणीनं ती इथवर येऊच दिली नसती.

बाटली अजून उघडली नाही. गॅरेजात सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आहे.

तुझा ढब्बू