पान ९४ वरची मेबल

मेलबर्न, ४ मार्च १९७८

ती. मर्टलआत्यास,
सा. न. वि. वि.

पाद्र्याशिवाय लग्नं लावण्याचा सरकारी परवाना मिळून तीन वर्षं झाली, तरी पाद्री कधी येणार असं लोक अजून मलाच विचारतात. शनिवारी एका परसात दोनशेवं लग्न लावलं. नवऱ्यामुलाचा कुत्रा अंगठी घेऊन पळाला आणि कायद्यातली वाक्यं मी त्याच्यामागे धावत म्हटली. लग्न पक्कं आहे, मी चौकशी करून घेतली.

खरी बातमी म्हणजे माझं पुस्तक प्रकाशकाने घेतलं! लग्न, बारसं आणि अंत्यविधी, तिन्ही. आम्ही अंत्यविधी केलेले सरकारी खात्याला आवडत नाहीत, म्हणून मी ते मुद्दाम करते. माझा नियम एकच. घरी जाऊन सगळं विचारायचं, निरोपाचं भाषण लिहायचं आणि विधीच्या आधी घरच्यांना वाचून दाखवायचं. परवा एका पाद्र्याने बिचाऱ्या विल्फ्रेडला शेवटपर्यंत वॉल्टर म्हणून निरोप दिला. विधवेला वाटलं, आपण भलत्याच मयताला आलो.

तुझं भाषण मीच करायचं असं तू नाताळात बजावलं होतंस. मसुदा सोबत आहे. मेल्यावर दुरुस्त्या घेतल्या जात नाहीत, तेव्हा आत्ताच कर.

लोभ भरपूर आहे, थोडा केकमध्ये घालून पाठव.

तुझी,
नोरीन पासको


कुराबिन, १५ मार्च १९७८

चि. नोरीनला अनेक आशीर्वाद.

मेल्यावर आपण इतके चांगले होतो हे ठाऊक असतं तर आधीच मेले असते. 'प्रेमळ' खोड. 'सर्वांना हवीहवीशी' तर खोडच, नाहीतर आयव्ही ट्रेलोर पहिल्या रांगेत बसून खोकेल. स्पंज केकला गावच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस नऊ वेळा नाही, अकरा वेळा. बारावं आयव्हीने नेलं, कारण परीक्षक तिचा दीर होता. आमच्या काकाकुव्याने पाद्र्याला शिवी दिली ते मात्र राहू दे. शिवी तुझ्या पर्सकाकाने शिकवली होती.

आता नीट बसून वाच. 'पर्सची लाडकी पत्नी' यातलं 'पत्नी' खोड. आमचं लग्न झालंच नव्हतं. त्याची बायको गीलाँगला होती आणि ती काही केल्या सोडचिठ्ठी देईना. शेचाळीस साली आम्ही ॲडलेडहून परतलो तेव्हा माझ्या बोटात अंगठी होती. गावाने काय समजायचं ते समजून घेतलं, तुझ्या बापानेही.

सहा वर्षांपूर्वी पर्सच्या शवपेटीसमोर पाद्री 'पवित्र विवाहबंधन' या विषयावर पंधरा मिनिटं बोलला. मी रुमाल तोंडात कोंबला, तो हसू दाबायला. घरी आल्यावर मात्र फार रडले. आमच्याबद्दल एकही खरी गोष्ट कुणी बोललं नव्हतं.

म्हणून लिही की, तिला कुठल्याही सकाळी बॅग उचलून निघून जाता आलं असतं, कुणाची परवानगी लागली नसती, तरी ती सव्वीस वर्षं राहिली. हे माझ्या पेटीसमोर वाच. तोवर तोंडाला कुलूप. तेव्हा मला आयव्हीचं तोंड बघावं लागणार नाही, मरण्यात तेवढाच फायदा दिसतो.

केक पाठवलाय, लोभ उरला तर कळव.

तुझी आत्या,
मर्टल डनस्टन


मेलबर्न, ९ सप्टेंबर १९७८

ती. आत्यास, सा. न.

पुस्तक आलं! पान ९४ उघड. तुझं भाषण नमुना म्हणून घातलंय. वाचताना संपादकाला चष्मा पुसावा लागला. घाबरू नकोस, नावं बदलली आहेत. तू मेबल, पर्सकाका बर्ट. कुणाच्या बापाला कळणार नाही.

आनंदाने हवेत असलेली,
नोरीन


कुराबिन, २ ऑक्टोबर १९७८

नोरीन,

अकरा बक्षिसं, शिवराळ काकाकुवा, ॲडलेडची अंगठी. अशा किती मेबल आहेत ऑस्ट्रेलियात? गावच्या वाचनालयाने 'आपल्या मर्टलची भाची' म्हणून तुझं पुस्तक काचेत मांडलं. आयव्हीने ते घरी नेलं आणि महिला मंडळात पान ९४ मोठ्याने वाचलं. मी किटलीपाशी उभी होते. चहाबरोबर ठेवलेल्या माझ्या स्कोनना, त्या गोडसर पावांना, कुणी हात लावला नाही. चर्चमध्ये फुलं मांडण्याच्या पाळीतून माझं नाव गेलं.

परक्या मयतांच्या घरी तू आधी वाचून दाखवतेस. छापायच्या आधी मला का नाही दाखवलंस? मी जिवंत होते म्हणून?

नाताळला येऊ नकोस.

मर्टल डनस्टन


मेलबर्न, ६ ऑक्टोबर १९७८

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तो उतारा पुस्तकातला सगळ्यात चांगला होता. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. दुसरं कारण नाही आणि हे कारण लाजिरवाणं आहे. दुसऱ्या आवृत्तीतून ते पान काढायला प्रकाशकाला सांगितलंय. तुझा निरोप दुसऱ्या कुणी द्यावा असं वाटत असेल तर तसं लिही. मला फार वाईट वाटेल, पण मी ऐकेन.

तुझीच,
नोरीन


कुराबिन, १२ नोव्हेंबर १९७८

चि. नोरीन, आशीर्वाद. तूर्त एकच.

माफ केलेलं नाही. करीन तेव्हा कळवीन. नाताळचंही अजून ठरलेलं नाही.

तीन आठवडे मी पाव आणायला शेजारच्या गावी गेले. मग मनात आलं, अडुसष्टाव्या वर्षी चोरासारखं लपायला मी चोरलंय काय? गुरुवारी मंडळात गेले, आयव्हीच्या हातातून पुस्तक घेतलं आणि पान ९४ पुन्हा वाचलं. मेबलच्या जागी मर्टल, बर्टच्या जागी पर्स डनस्टन. आवाज एकदाच फुटला, 'राहिली' म्हणताना. त्यानंतर मी सगळ्यांना सांगितलं की कुणाला काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा, मागाहून केकबद्दल सोडून काही सांगणार नाही.

मग आयव्ही म्हणाली की हे तीस वर्षांपूर्वी कळलं असतं तर माझी निंदा करायला तिला केकवर अवलंबून राहावं लागलं नसतं. आणि तिने दोन स्कोन उचलले. बाकीच्या अजून फुगलेल्याच आहेत. असोत.

पान काढू नकोस. नावं मात्र खरी छाप. पर्सचं नाव आजवर छापून आलं ते फक्त फुटबॉल संघाच्या हरलेल्या सामन्यांत. सगळीकडे त्याला 'मिसेस डनस्टनचा नवरा' म्हणायचे, आणि त्या नावाची तर गावात कुणीच नव्हती. मी होते, आणि मी त्याच्यावर जीव तोडून प्रेम केलं.

अंगठी काढणार नाही, ती त्याने दिलेली आहे. पण पोस्टातल्या ग्लॅडिसला सांगून ठेवलंय की मिसेस डनस्टन या पत्त्यावर राहत नाहीत. यापुढे पाकिटावर माहेरचं नाव नीट लिहीत जा.

तुझी आत्या,
मर्टल पासको