एका दिवसाचं रान

आबा, काल तुमच्या नातीने गणित करता करता मला विचारलं, "आई, एकर म्हणजे किती गं?" मी "चाळीस गुंठे" म्हणून मोकळी झाले आणि कुकर लावायला उठले. पण शिट्ट्या किती झाल्या ते कळलंच नाही, डाळ पार करपली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो शब्द कानावर आला की माझं असंच होतं.

हा शब्द घरात मीच आणला. म्हणजे शब्द होताच, त्याचा अर्थ मी आणला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, कॉम्प्युटरच्या कंपन्या मुलाखतींना बोलावत होत्या आणि माझं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद. म्हणून रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून विटेएवढा जाड शब्दकोश आणला. त्यात शब्द मुळात कुठून आला तेही दिलेलं. मी तो पहिल्या पानापासून पाठ करायला बसले. असा शहाणपणा करणारी अख्ख्या वाघोलीत मी एकटीच असेन. संध्याकाळी धार काढताना तुम्ही विचारायचात, "आज कंचा शबूद आला?" एकर तिसऱ्याच दिवशी आला. तुम्ही हसलात. "त्यो कशाला शिकायचा? त्यो तर तलाठ्याचा हाय." मग मी वाचून दाखवलं. मुळात ते माप नव्हतंच, नुसतं उघडं रान, जिकडे गुरं हाकत न्यायची ते. संस्कृतात त्याचा भाऊबंद आहे, अज्र, म्हणजे शेतच. पुढे इंग्रज शेतकरी एक बैलजोडी एका दिवसात नांगरते तेवढ्या रानाला एकर म्हणायला लागले. बैल दमेपर्यंत जेवढं लांब तास, म्हणजे नांगराची रेघ, ओढायचे, त्याचा झाला फर्लांग. तुमचा हात आचळावरच थांबला. "म्हंजी सायबबी बैलाच्या मागं चालला व्हता व्हय!" पुढचे आठ दिवस तुम्ही हे भेटेल त्याला सांगत होतात. मला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हाही तुम्ही इतके फुलला नव्हतात. मला काय तेव्हा, आभाळ ठेंगणं झालं होतं.

नगर रोडच्या दोन्ही बाजूंना तेव्हा पाट्या लागायला लागल्या होत्या. मला नोकरी लागली त्याच वर्षी आपल्या साडेचार एकरांवर बिल्डर आला. शेजारची रानं गेली होती, आपल्या विहिरीचं पाणी त्यांच्या बोअरने ओढून नेलं होतं. तुम्ही कुठवर नाही म्हणणार होतात? बिल्डरचा माणूस ओसरीवर बसून गोड बोलत होता, "आबा, तुम्ही म्हणाल तेवढं तुम्हाला ठेवू, बाकीचं आम्ही घेतो. बोला, एक एकर?" सरळ हो म्हणायचं होतं. चाळीस गुंठे आणि विषय संपला. पण तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मिशीला हात लावलात आणि म्हणालात, "एकर-बिकर नगं. माझी एक जोडी एका दिसात नांगरंल तेवढं माझं. सायबाच्या पुस्तकात तसंच हाय, इचारा पोरीला." त्या माणसाने मला विचारलं. मी मान डोलावली. तो म्हणाला, "वा! नांगर तुमचा, बैल तुमचे, आम्ही कोण नाही म्हणणार?" दिलेला शब्द तुम्ही कधी फिरवला नाहीत, हे त्याला आठवडाभरातच कुणीतरी सांगितलं असणार. कारण त्याने नांगरटीचा दिवस काढला तो वैशाखातला.

वैशाखातली आपली काळी जमीन म्हणजे दगड. तिथे दोन जोड्या जुंपल्याशिवाय नांगर रुतत नाही, हे तुम्ही मला शिकवायला हवं होतं असं नाही, मी ते पाळण्यातून बघत आलेय. पहाटे तुम्ही जोडीला कुंकू लावलंत. चुलते त्यांची जोडी घेऊन बांधावर आले, "दादा, म्होरं माझी जुंप, कोण बघतंय?" तुम्ही म्हणालात, "म्या बघतोय की. एक जोडी म्हनलोय." पुस्तकात एक जोडीच होती, आबा, ते भाषांतर माझं. मी बांधावर उभी आहे. आई भाकरी घेऊन येते आणि तशीच हातात धरून बसते. नांगर पावलापावलाला उसळतो, तुम्ही त्याच्यावर अंगाचा भार टाकता, तांबड्या बैलाच्या तोंडाला फेस येतो. ऊन डोक्यावर आलं आणि तांबडा बसला. उठवला, चार पावलं चालला, पुन्हा बसला. तुम्ही आसूड उगारलात, पण मारला नाहीत. जू काढलंत, त्याच्या मानेवरून हात फिरवलात आणि सावलीतल्या त्या माणसाला म्हणालात, "औत सोडलं. मोजा." त्याने टेप लावली. सतरा गुंठे भरले.

दिवस अजून अर्धा बाकी होता. तो माणूससुद्धा जरा ओशाळला, म्हणाला, "आबा, संध्याकाळपर्यंत वेळ आहे." तुम्ही ऐकलं नाहीत. माझ्याकडे वळून हळूच विचारलंत, "त्यांच्यात बैल बसला तर काय करत्यात गं? काय लिवलंय का?" मी म्हणाले, "नाही आबा, तेवढंच आहे."

तेवढंच नव्हतं. त्याच्या पुढची ओळ मला पाठ होती. पुढे तिकडच्या राजाने कायदा करून लांबी-रुंदी कायमची बांधून दिली. बैल म्हातारा असो, जमीन कडक असो, एकर तेवढाच. एवढं तिथे मोठ्याने बोलले असते तर चुलत्यांनी तो धागा धरून त्या माणसाला सोडला नसता, आणि तुम्हालाही तुमचा शब्द न मोडता चाळीस गुंठे मागता आले असते. पुस्तकाचा मान तुम्ही ठेवला असतात.

सतरा गुंठ्यांवर बैलजोडी कशी पोसायची? महिन्याभरात जोडी बाजारात विकली गेली. तुम्ही माझ्याबरोबर फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर राहायला आलात, गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागलात. मी कंपनीतून येताना कधी जिलबी आणली, कधी मोठा टीव्ही आणला. तुम्ही "चांगलं हाय" म्हणायचात आणि तसेच बसून राहायचात. चार वर्षं मी तुम्हाला बसलेलं बघितलं. मला काहीच करता आलं नाही. डॉक्टर म्हणाले तब्येत ठणठणीत आहे, यांना हिंडवा-फिरवा. कुठे हिंडवणार होते मी?

हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाहीच, तेव्हा लिहूनच टाकते. त्या दिवशी मी घाबरले म्हणून गप्प बसले, असं मी आईला सांगितलं, चुलत्यांना सांगितलं, पुढे नवऱ्यालाही सांगितलं. खरं तसं नाही. कंपनीतल्या मैत्रिणींना घरी बोलवायची मला लाज वाटायची. शेणाचा वास, अंगणात जोडी, धोतरातले तुम्ही. तुम्ही सगळं सोडून फ्लॅटमध्ये यावं, आमच्या कंपनीतल्या लोकांसारखं राहावं, असं मला वाटत होतं. तांबडा बसला तेव्हा आई रडली, आबा. मला बरं वाटलं होतं.