सात नंबरची बाटली

बुधवार, १२-६-६८

चि. शालन,

सकाळी तू सांगितलंस, की शौचाच्या तपासणीतली सात नंबरची बाटली माझी निघाली आणि माझ्या पोटातल्या जंतूंपुढे टेट्रासायक्लिनसकट तीन औषधं हरली. मी भाजीची टोपली उचलून आत निघून गेले. रागच आला होता. साठ वर्षांत मी कधी डॉक्टरची पायरी चढले नाही, आणि असले जंतू माझ्याच पोटात! चार दिवस बाळाची वाटी माझ्या हातून का काढून घेत होतीस, तेही तेव्हाच कळलं.

मग भाजी निवडताना राग उतरला. आजाऱ्याच्या पोटात जंतू कुणीही शोधील. धडधाकट माणसांच्या पोटातही औषधांना न जुमानणारे जंतू असतात का, ते बघायला तू बाटल्या मागत आपल्या चामराजपेटभर दारोदार फिरलीस. लोकांनी नाकं मुरडली, पहिलं मी, तुझ्या सासूनंच, मुरडलं. तरी तू हटली नाहीस.

साबणात चरबी असते म्हणून मी जन्मभर मातीनं हात धुतले. आज साबणानं धुतले, दोनदा. वडी मोरीवर आहे, ती आता तिथंच राहील. बाळाची पेज त्याच हातांनी केली आहे, निर्धास्त भरव.

मी शेजारच्या गंगव्वाकडे जाते आहे. तुला तिनं ‘बेडा, बेडा’, नको नको, म्हणत दारातूनच परत पाठवलं होतं ना? तुझ्या पिशवीतली एक रिकामी बाटली घेतली आहे. माझी सून काय शोधते ते तिला नीट सांगते आणि बाटली भरूनच आणते.

– नंबर सात