केतिलची वही ब्रांदुरला

त्या सकाळी मी गाईंची धार काढून आले, चुलीतली राख उपसली, कॉफी चढवली आणि ती उकळेपर्यंत माझ्या पतींचे काव्य वहीत उतरवायला बसले. केतिल जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहायचे. पक्की नक्कल माझ्याकडे असे. एका ओळीतला एक शब्द मला फार साधा वाटला. त्या जागी मी देखणा शब्द घातला. तेवढ्यात कॉफी उतू गेली. याला वीस वर्षे झाली.

मी, सिग्नी ओड्सदोत्तिर, वय अडुसष्ट, राहणार ह्लीद, वातन्सदालुर खोरे, गुडघे सोडता धडधाकट आणि डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. मी शाळेत गेले नाही. भजनांच्या पुस्तकावरून वाचायला शिकले. लिहिण्यात चुका असतील त्या माझ्याच.

घर, कुरण, दोन्ही गाई आणि मेंढ्या मुलगी रान्वेग हिला. लाल घोडा म्हातारा आहे. त्याला विकू नये.

कॉफीची चक्की नणंद गुद्नी हिला. तीस वर्षे ती उसनी नेते आहे. आता परत आणून द्यायची काळजी मिटली.

रान्वेग माझ्या खांद्यावरून वाचते आहे. म्हणते, "आई, मृत्युपत्रात अशी भांडणं लिहितात का?"

"मग कुठे लिहू? लोण्याच्या डब्यावर?"

माझी लोकरीची काळी शाल मला पुरताना अंगावर असावी. केतिलनी ती हिवाळाभर विणली होती, आणि एक कडा वाकडी आहे. ती सरळ करू नये.

आता वही. ती स्कार्दच्या ब्रांदुरला द्यावी.

हे वाचून खोऱ्यात नवल करतील. त्या वर्षी शरदात मेंढ्या डोंगरावरून उतरल्या, मेंढवाड्यात ज्याच्या त्याच्या निवडून झाल्या आणि रिवाजाप्रमाणे काव्यगायन सुरू झाले. खोऱ्यात ब्रांदुरसारखा गळा नाही, म्हणून केतिलनी वही त्याच्या हाती दिली. आमच्या छंदात पहिल्या ओळीत दोन शब्द एकाच ध्वनीने उठतात आणि दुसरी ओळ त्याच ध्वनीने सुरू होते. त्यांना आम्ही टेकू म्हणतो. टेकू चुकला की कडवे कोसळते. ब्रांदुर मध्येच थांबला.

"अरे केतिल, तुझा टेकू चुकलेल्या मेंढ्यांबरोबर डोंगरावरच राहिला की काय?"

सगळा वाडा हसला. केतिलनी वहीत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "चुकलं गड्या माझं." त्यानंतर त्यांनी घराबाहेर कधी एक ओळ म्हटली नाही.

मी ब्रांदुरशी बोलणे सोडले. या फेब्रुवारीत तो केतिलच्या शवपेटीला खांदा द्यायला आला, तेव्हा मी दारातच म्हटले, "इथे खांदे पुष्कळ आहेत." तो टोपी हातात धरून बर्फातून परत गेला.

वसंतात केतिलची सामानाची पेटी उघडली. तळाशी त्या कडव्याचे पाकीट होते. त्यावर तो साधा शब्द होता, आणि टेकू जागच्या जागी. म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळले होते. वीस वर्षे माझ्यासमोर बसून जेवले आणि माझी चूक मला कळू दिली नाही.

ब्रांदुर खरे बोलला होता. हे त्याला तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून माझ्यामागे सांगते. वहीत मी माझा शब्द खोडून त्यांचा लिहिला आहे. ब्रांदुरने ते कडवे मेंढ्यांच्या वाड्यात एकदा सगळ्यांपुढे गावे आणि चूक सिग्नीची होती असे सांगावे. आवाज बसला असेल तरी त्यानेच गावे. पण तोही आता सत्तरीचा आहे.

हे मी माझ्या हाताने लिहिले आणि खालील दोघांसमोर सही केली.

सिग्नी ओड्सदोत्तिर
साक्षीदार: अर्नल्योतुर, पाद्री. हाल्फ्रीदुर, सुईण.
ह्लीद, रविवार, ९ सप्टेंबर १९३४

जोड: सही झाल्यावर हाल्फ्रीदुरने विचारले, "आणि तो तुझ्याआधी गेला तर गं?" दुसऱ्या दिवशी धार काढून झाल्यावर मी वही शालीत गुंडाळली आणि चालत स्कार्दला गेले.