सातव्या ब्राऊनचा उतार

१ नोव्हेंबर १९९८, रविवार

एक्केचाळीस पट! अठरा भोकांना एक्केचाळीस! एकूण फटके शहाण्णव.

गोल्फचे लांबचे फटके ठीक. चेंडू उडतो, सरळ जातो, ब्राऊनवर येऊन पडतो — आणि तिथून चार हातांवरच्या भोकात तो नुसता लोटायचा, म्हणजे पट मारायचा, तर ते मला जमत नाही. सातव्यावर तीन पट. शेवटचा तर वीतभर लांबून हुकला. आदेश म्हणतो, "सर, पायानं ढकला ना. कोनी नाई पाहून राह्यलं."

हा आदेश खाणीत इलेक्ट्रिकलला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, खेळायला लागून दीड वर्ष झालं. त्याचे तेहतीस पट.

आणि मी सर्व्हेअर! पंधरा वर्षं याच खाणीत जमिनीचे चढउतार मोजून पोट भरतो. कॉलनीच्या नऊ भोकांच्या मैदानावर हिरवळ कुठली — भोकाभोवती वाळू आणि जळकं ऑईल कालवून केलेलं गोल अंगण, त्यालाच ब्राऊन म्हणायचं. एवढ्याशा अंगणाचा उतार मला कळू नये?

५ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाणखान्यात सराव. जाजमावर ग्लास आडवा ठेवून. सुरय्याने सरळ उचलून नेला. "हा पानी प्यायचा ग्लास हाये. तुमचं टमरेल हाये तिथी, त्यात मारा."

८ नोव्हेंबर, रविवार

नागपूरहून जुना पटर, म्हणजे पट मारायची काठी, आणला होता. पितळी डोक्याचा. मोठी आशा होती.

बेचाळीस पट.

१५ नोव्हेंबर, रविवार

आज केलंच. खेळ सुरू व्हायच्या आधी खाणीची लेव्हलची दुर्बीण आणून सातव्या ब्राऊनवर लावली. पट्टी धरायला देवाजीभाऊ. ब्राऊनची राखण तेच करतात. साठी उलटली असेल. प्रत्येक टोळी खेळून गेली की तरट ओढून वाळू सारखी करायची, हे त्यांचं काम. सातव्याच्या मागेच त्यांची खोली. ते आणि रुखमाबाई, एक बकरी.

पट्टी धरून उभे, आणि चेहऱ्यावर असं, की हा मानूस ठीक हाये ना!

चोवीस ठिकाणी मोजलं; जाता जाता सहाव्यावर आणि भाऊंच्या दारातही पट्टी धरली. कागदावर उतार काढला. भोकाच्या उजवीकडे नऊ मिलिमीटर खाली. म्हणजे डावीकडे धरून मारायचं. संपलं!

आणि खरंच! दोन्ही फेऱ्यांत सातव्यावर एकेकच पट. आदेशचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

२९ नोव्हेंबर, रविवार

कागद खिशात. तेवढंच डावीकडे धरलं. चेंडू उजवीकडे वळलाच नाही. सरळ गेला आणि भोकाच्या डाव्या काठावरून पुढे. दुसऱ्या फेरीत परत तेच.

माझा हातच वाकडा आहे. नकाशा बरोबर, हात वाकडा.

१३ डिसेंबर, रविवार

आता चेंडू डावीकडे वळतो! चढावर वळतो! माझ्या कागदाप्रमाणे तिकडे चढ आहे. पटर फेकला — लांब नाही, पण फेकला. देवाजीभाऊंनी उचलून आणून दिला.

त्यांचंही वैतागाचंच चाललं होतं. "हा कोपरा सायाचा लय खादाड झाला, साहेब. दर हप्त्याले दोन टोपले वाळू घालतो. पुन्हा खड्डा तो खड्डाच. सांगा बरं, मी म्हातारा मानूस किती वाळू वाहू?"

मी म्हटलं, "भाऊ, तुमचं वाळूचं सोडा, माझ्या स्कोअरचं बघा."

आदेश काल रात्रभर वडशाला नाटक पाहून आला. डोळे लाल, उभ्या उभ्या जांभया. बत्तीस पट!

२७ डिसेंबर, रविवार

सातवा रोजा. पहाटेची सहरी करून खेळायला गेलो. अडतीस पट. घसा कोरडा आणि टाळकं गरम.

घरी जाजमावर मारत होतो. सुरय्या शिलाई मशीनवर बसली होती. बराच वेळ पाहिलं असणार तिने. म्हणाली, "तुमी मारायच्या आधीच मान वर करता."

"मी? कधी?"

"हरेक वेळा. चेंडू गेला का नाई ते पाहाची घाई. सुई ओवताना मी मान हालवते का? मारा अन् तसेच ऱ्हा. पडला तर आवाज येतेच ना!"

वीस वर्षांचा संसार, आणि ही बाई गोल्फ शिकवते! मैदानावर कधी पाऊल ठेवलेलं नाही तिने.

मान खाली ठेवून दहा मारले. आठ वेळा टमरेल वाजलं.

३ जानेवारी १९९९, रविवार

चौतीस पट!! एकूण नव्वद. आयुष्यात पहिल्यांदा.

मान खाली. आवाज ऐकायचा. एवढंच. एवढ्यासाठी मी नागपूरला जाऊन पितळ आणलं.

पण सातवा! दोन्ही फेऱ्यांत तीन-तीन. चौतीसातले सहा त्या एकट्या ब्राऊनचे. बाकी सगळीकडे चेंडू मारला तिथे जातो, फक्त तिथेच डावीकडे घसरतो. आता हाताला दोष देता येत नाही. मग दोष कोणाला द्यायचा?

७ जानेवारी, गुरुवार

राहवलं नाही. ड्यूटीनंतर, उजेड होता तोवर, पुन्हा दुर्बीण लावली. त्याच चोवीस जागा. पट्टीला देवाजीभाऊ.

डावा कोपरा नोव्हेंबरपेक्षा एकतीस मिलिमीटर खाली!

वाटलं दुर्बीण बिघडली. कॅन्टीनजवळच्या पक्क्या खांबावर जाऊन तपासली, बरोबर. सहावा ब्राऊन मोजला. तिथे केसाइतकाही फरक नाही. परत सातव्यावर. एकतीस. आणि ही वाळू घातल्यानंतरची गोष्ट!

कोपऱ्यापासून देवाजीभाऊंच्या खोलीच्या दिशेने मोजत गेलो. दारात अकरा.

मी पट्टीकडे पाहत उभा. भाऊ म्हणाले, "काऊन साहेब, रोजा लागला का?"

८ जानेवारी, शुक्रवार

ऑफिसात जुना नकाशा काढला. निळी प्रत, कडा उंदरांनी खाल्लेल्या. सातव्याच्या बरोबर खाली खाणीची जुनी गॅलरी, म्हणजे बोगदा, आहे. कोळसा काढून झालेला, आणि त्यावर ठिपके, म्हणजे पोकळीत वाळू भरून दिलेली. पूर्ण.

वाळू भरली असेल तर जमीन बसते कशी?

११ जानेवारी, सोमवार

मॅनेजरसाहेबांना कागद दाखवले. त्यांनी एक पाहिला. "शेख, खाणीची दुर्बीण तुम्ही गोल्फला वापरली?"

मी म्हटलं, "साहेब, ते सोडा, आकडे बघा."

"नकाशात वाळू भरलेली आहे ना? मग? तुमचा पट हुकतो म्हणून जमीन खचली म्हणता?"

खोलीतले सगळे हसले. दुपारपर्यंत ते कॅन्टीनला पोहोचलं. चहा देणारासुद्धा विचारतो, "साहेब, आज किती खचली?"

मूळ नकाशा वरच्या ऑफिसातून मागवला आहे. लेखी. बघू.

२० जानेवारी, बुधवार

ईद. शेवया. आदेश आला, दोन वाट्या हाणल्या. तो आता हसत नाही. काल त्याने माझ्याबरोबर पट्टी धरली. कोपरा बावन्न, भाऊंचं दार एकोणीस.

२५ जानेवारी, सोमवार

सातव्याभोवती मी दोरी बांधली होती. उद्या स्पर्धा म्हणून मॅनेजरसाहेबांनी ती सोडायला लावली. "मैदान शोभत नाही."

२६ जानेवारी, मंगळवार

आजचं लिहायलाही लाज वाटते, आणि वाटतही नाही.

झेंडावंदनानंतर स्पर्धा. पहिल्या फेरीत सातवा आला, तेव्हा मी ब्राऊनवर पाय ठेवला नाही. काठावरून काठी लांबवून चेंडू लोटला. तीन पट. लोक हसले. बाकी भोकांवर मात्र इतके चांगले पट मी आयुष्यात मारले नव्हते. मान खाली, आवाज, मान खाली, आवाज. दुसऱ्या फेरीत सातव्यापर्यंत आलो तेव्हा हिशेब असा होता, की उरलेली तीन भोकं नेहमीसारखी खेळलो तरी अठ्ठ्याऐंशी. कप माझाच!

आणि तिथे बघतो तर ब्राऊनवर गर्दी! मॅनेजरसाहेब, त्यांच्या मिसेस, पाहुणे, तीन लहान मुलं, फोटोवाला. सगळे नेमके डाव्या कोपऱ्यात, कारण तिथे सावली होती.

मी म्हटलं, "साहेब, इथून हटा." ते हसले. परत म्हटलं. "शेख, तुम्ही पट मारा हो!"

मग मी भोकातली झेंडी उपटली. चेंडू उचलला. आणि झेंडी घेऊन चालायला लागलो. ओरडत होतो म्हणे. आदेश म्हणतो, मी पाहुण्यांच्या मुलाचा दंड धरून त्याला ओढत बाहेर काढलं. मला आठवत नाही. गर्दी माझ्यामागे आली, मला धरायला. पण ब्राऊन रिकामा झाला!

स्पर्धेतून बाद. संध्याकाळी मेमो.

सुरय्याने मेमो वाचला. म्हणाली, "किती पट झाले होते तोवर?"

सव्वीस, मी म्हटलं. पंधरा भोकांना सव्वीस.

"मंग चांगलं खेळले."

२८ जानेवारी, गुरुवार

देवाजीभाऊंकडे गेलो. म्हटलं, भाऊ, खोली सोडा. काही दिवस पोंभुर्ण्याला कमळाकडे जा. कमळा त्यांची मुलगी. दाराजवळची भिंत तडकली आहे, तिच्यात माझं बोट जातं.

भाऊ तरट झटकत बसले. मग म्हणाले, "हा पाचवा, सहावा, सातवा, आठवा. इथी माह्या बांध्या होत्या, साहेब. धानाच्या. तुमच्यासारकाच एक साहेब आला, दुर्बीन लावली, खुट्या ठोकल्या. गेल्या बांध्या. मंग म्हनले, माळ्याचं काम घे, इथीच ऱ्हा. ऱ्हायलो. आता पुन्हा दुर्बीन घेऊन तुमी आले."

माझ्याकडे फक्त आकडे. नऊ दिवसांपूर्वी किती, आज किती. मी तेच सांगत राहिलो, एखाद्या मूर्खासारखा.

रुखमाबाई आतून म्हणाली, "त्याइले काऊन बोलता? मले रातच्याले भुईतून कुरकुर आयकू येते. मी सांगतो तं तुमी म्हंता उंदीर हायेत."

भाऊ तरी उठले नाहीत.

३१ जानेवारी, रविवार

खेळायला गेलो नाही. सुरय्या स्वतः गेली, भाऊंकडे. काय बोलली ते सांगत नाही. दुपारी बैलगाडीतून पेटी, भांडी, दोन गोधड्या आमच्या मागच्या खोलीत आल्या. रुखमाबाई पुढे, भाऊ मागे, तोंड फिरवून. बकरी यायला तयार नव्हती. ती तिथेच खुंट्याला. "उद्या आनू."

१ फेब्रुवारी, सोमवार

बकरी आणली. माझ्या पँटचा एक पाय खाल्ला तिने.

४ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. मी ऑफिसात होतो. आवाज मोठा नव्हता. कोणी दूर भरलेला ट्रक रिकामा करावा, तसा. मग धुळीचा एक खांब उठला.

धावत गेलो. सातवा ब्राऊन जागेवर नाही. चौदा मीटर रुंद खड्डा. भाऊंची खोली अर्धी आत, अर्धी काठावर. चूल दिसते, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं. माणूस कोणी नाही. एकही नाही!

भाऊ माझ्याशेजारी उभे होते. बराच वेळ खड्ड्यात पाहत होते. मग माझा हात धरला. सोडलाच नाही. मीही नाही सोडवला.

७ फेब्रुवारी, रविवार

मॅनेजरसाहेब स्वतः घरी आले. मेमो मागे. "शेख, तुमच्यामुळे." कॅन्टीनमध्ये चहावाला आता उभा राहतो. पाहुण्यांकडून मिठाई आली. मुलाचा दंड अजून दुखतो म्हणे. चौकशीसाठी वरून तिघे साहेब येणार. माझी साक्ष पहिली.

आदेशने ओढून मैदानावर नेलं. सातवा सोडून आठ भोकं, दोन फेऱ्या. सोळा भोकांना अठ्ठावीस पट. एकदाही तीन नाही.

सगळं जमतंय, आणि मजा येत नाही. का कोण जाणे.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

मूळ नकाशा आला. कापडावरचा, कडा शाबूत. चौकशीच्या खोलीत मीच उलगडला.

'वाळू भरली. पूर्ण. मोजमाप प्रत्यक्ष घेतले.' जुलै १९८५. खाली सही. माझी.

त्या महिन्यात खाली पाणी होतं. मी उतरलोच नव्हतो. मुकादमाने वर येऊन आकडे सांगितले, मी टेबलावर बसून ठिपके काढले. अशी किती पानं काढली असतील तेव्हा. हे पान विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.

तिघे साहेब खड्ड्याचे फोटो पाहत होते. सही कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

बाहेर बाकावर देवाजीभाऊ. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. माझ्या बाजूने बोलायला आपणहून आलेले. मी दार उघडलं तसे उठले. "झालं का, साहेब?"

"नाही भाऊ. आत या," मी म्हटलं. "मला यांना एक सांगायचं आहे. ते तुमच्यासमोर सांगतो."