बसून राहिलेल्याचा आवाज

प्रिय बारके,

दादाचा फोन आला होता. तू इस्पितळातून घरी आलीस, आणि आता पुन्हा ती औषधं नकोत, सुया नकोत, उरलेले दिवस घरीच काढते, असं डॉक्टरांना तोंडावर सांगून आलीस म्हणे. दादा फोनवर रडला. आपल्या दादाला रडता येतं हे मला या वयात कळलं. तू मात्र पहिल्यापासून हट्टी, एकदा नाही म्हणालीस की ब्रह्मदेव आला तरी नाहीच.

माझं म्हणशील तर सध्या मी बर्फात आहे. म्हणजे स्टुडिओतल्या त्याच कोंदट खोलीत, जिथे पडद्यावर माणसं चालतात आणि त्यांच्या पावलांचे आवाज मी काढते. माझी ताई चपला वाजवायचा पगार घेते, असं तू सगळ्यांना सांगत सुटायचीस ना, तेच काम. या खेपेचा सिनेमा जंगलातला आहे. दोघे मित्र हिमवादळात वाट चुकतात. एकाचा पाय मोडतो. दुसरा त्याला झाडाखाली बसवतो, शेकोटी पेटवून देतो आणि मदत आणायला निघतो. पुढे सगळा सिनेमा त्या निघालेल्याचा. अस्वल काय, गोठलेली नदी काय! जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत लिहिणार आहेत, हार मानू नका. खोक्यात मीठ आणि कॉर्नफ्लोअर पसरून त्यावर चाललं की बर्फ तुडवल्यासारखा आवाज येतो. दिवसभर मी त्या खोक्यात जागच्या जागी चालते. गुडघ्यांनी संप पुकारलाय.

पण माझा जीव अडकला तो बसलेल्यात. त्याला कुठले आवाज देऊ, असं विचारलं तर दिग्दर्शक म्हणाला, काही नको, तो नुसता बसलाय. मला ते लागलं. मी त्याची दृश्यं पुन्हा पुन्हा पाहिली. अगं, तो हातमोजा काढून झाडाची साल चाचपतो. काटकी शेकोटीत टाकण्याआधी तिचा वास घेतो. एक पक्षी येऊन बसतो, तर तो उडू नये म्हणून श्वास धरतो. आणि मधूनमधून मित्र गेला त्या वाटेकडे बघतो. मित्र माणसं घेऊन परततो तेव्हा शेकोटी विझलेली असते. सगळे म्हणतात, सिनेमा जगण्याच्या जिद्दीचा आहे. मला वाटतं, त्या चालणाऱ्याला तिथे बसवत नव्हतं. मरणाशेजारी बसण्यापेक्षा अस्वल परवडलं. आणि जगायचं म्हणजे चालतच राहायचं, हे आपल्याला सांगितलं कुणी? तो बसलेलाही शेवटच्या काटकीपर्यंत जगतच होता. ऐकायला तेवढं कुणी नव्हतं.

मी त्याला आवाज दिले. सालीवरून फिरणाऱ्या बोटांचा, लोकरीचा, धरलेला श्वास सोडल्याचा. दिग्दर्शकाने ते काढून टाकले, प्रेक्षकांचं लक्ष उडतं म्हणून. घरी येऊन मी ढसाढसा रडले. कुणासाठी, ते तुला सांगायला नको.

तुला आठवतं? लहानपणी ताप आला की तुला गोष्ट नको असायची, गाणं नको असायचं. पायाशी बस म्हणायचीस, बस्स. झोपलीस असं समजून मी हळूच उठायला लागले की पांघरुणातून पाय लांब करून अंगठ्याने मला चाचपायचीस. मी जाम वैतागायचे.

हे पत्र खरं तर दादाने लिहायला लावलं. तुझं ती ऐकेल, तिला लढ म्हणून सांग, म्हणाला. मी हो म्हणाले. तू आजारी पडल्यापासून मी दुसरं केलंय काय? रोज सकाळी फोनवर निरोप धाडायचे, धीर सोडू नकोस, लढ. सगळं खोक्यातलं चालणं, तुझ्याकडे एक पाऊल पडलं नाही. मला तुझ्याजवळ यायचीच भीती वाटत होती, बारके. अजून वाटते. तू जाऊ नयेस असं मला फार वाटतं, तेही लपवत नाही. पण लढ म्हणणार नाही. उरलेला सिनेमा दुसरीच्या गळ्यात घातलाय आणि या पत्राच्या मागोमाग मी निघतेय. दादाचं काय ते मी बघते. तू दार उघडायला उठू नकोस. मी आले की तुझ्या पायाशी बसेन, आणि शंका आली तर अंगठ्याने चाचपून बघ.

तुझीच, अखेर जागची हललेली,
ताई